रेडिएशनच्या आधी जबड्यातले इम्प्लांट काढावे लागतात का?

वडिलांना तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू होणार आहे, खालच्या जबड्यात इम्प्लांट (कृत्रिम दातांसाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे स्क्रू) आहेत, ते आधी काढून टाकू का आणि नंतर नवीन बसवता येतील का, असं तुम्ही विचारलंय. हाडात पक्के बसलेले, भोवतीची हिरडी निरोगी असलेले इम्प्लांट केवळ रेडिएशन आहे म्हणून सहसा काढत नाहीत. काढायला गेलं की हाडाला जखम होते, ती भरेपर्यंत उपचार लांबतो, आणि कॅन्सरचा उपचार लांबवणं परवडत नाही.

हे ठासून लिहितेय, कारण आमच्या घरात यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आईला जिभेच्या कडेला कॅन्सर झाला तेव्हा तिचे खालचे पुढचे दात इम्प्लांटवर बसवलेले होते. ऑपरेशननंतर रेडिएशन ठरलं आणि दादा हट्ट धरून बसला: धातू आहे, किरणांनी तापेल, काढून टाका. टायटॅनियम तापत नाही. होतं ते वेगळंच. धातूवर आदळून काही किरण मागे फिरतात आणि त्याला अगदी चिकटून असलेल्या हाडाला डोस थोडा जास्त मिळतो. शिवाय प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनमध्ये धातूभोवती रेघोट्या उमटतात, त्या हिशेबात धराव्या लागतात. रेडिएशनच्या डॉक्टरांनी आम्हाला स्क्रीनवर जबडा दाखवला. उजव्या दाढांपाशी लाल रंग, म्हणजे ६० ग्रेच्या वर (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप). हनुवटीकडे येता येता तो हिरवा आणि मग निळा होत गेला. इम्प्लांट निळ्यात होते. स्क्रूंवर बसवलेले दात आणि जोड तेवढे काढले, स्क्रू हाडातच राहिले.

संकट आलं ते पुढे बऱ्याच काळाने. लाळ आटली की दात हिरडीलगत किडतात. तशी उजवीकडची एक दाढ मोडली. दादा तिला जवळच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि त्यांनी रेडिएशनचा एकही कागद न मागता दाढ उपटली. ती जखम भरलीच नाही. टॉर्च धरून पाहिलं तर हिरडीत नखाएवढी फट आणि आत पिवळट हाड. आईची जीभ सारखी तिथेच जायची, खरखरीत लागायचं. दुखणं फारसं नव्हतं, वास मात्र यायचा. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात, म्हणजे किरणांमुळे हाड मरणं. कॅन्सर उलटला नाही ना, हे बायोप्सीने आधी पाहिलं. मग पेंटॉक्सिफायलिन हे रक्तप्रवाह सुधारणारं औषध, ई जीवनसत्त्व, हाडाच्या सुट्या कपच्या काढणं. हिरडी मिटायला फार वेळ लागला, आणि तेवढा काळ आई मोकळेपणी जेवली नाही.

दादा आजही म्हणतो, इम्प्लांट ठेवले म्हणून झालं. इम्प्लांट पुढे, जखम मागे! इम्प्लांट आजही जागच्या जागी आहेत. जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं की किरण लागलेल्या हाडात रक्तवाहिन्या कमी होतात, पेशी कमी होतात, ऑक्सिजन कमी पडतो. असं हाड रोजचं काम निभावतं, पण नवी जखम भरून काढायची ताकद त्याच्यात उरत नाही. खालचा जबडा घट्ट आणि त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून हा त्रास बहुधा तिथेच होतो.

म्हणून माझं म्हणणं: "इम्प्लांट काढू का" याऐवजी "त्या जागेला किती ग्रे मिळणार" हे विचारा. किडलेली दाढ असेल तर ती आत्ता काढून घ्या, रेडिएशनच्या आधी दोन-तीन आठवडे मिळाले तर उत्तम. डोसच्या नकाशाची प्रत मागून घ्या. पुढे कोणीही जबड्याला हात लावण्याआधी ती बघितलीच पाहिजे, मग डॉक्टर कितीही ओळखीचे असोत.

नवीन इम्प्लांट नंतर बसवता येतात. बहुतेक डॉक्टर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. ५० ग्रेच्या वर गेलेल्या हाडात ते निकामी होण्याचा धोका वाढतो. त्यासाठी जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये वडिलांना बसवायचा आग्रह कोणी धरला तर २०१९ च्या होपॉन ट्रायलबद्दल विचारा. किरण लागलेल्या खालच्या जबड्यात दात काढताना किंवा इम्प्लांट बसवताना हाड मरणं त्या ऑक्सिजनने टळतं, असं त्यात दिसलं नाही.

मी डॉक्टर नाही. इम्प्लांट हलत असेल किंवा भोवती पू असेल तर वरचं सगळं लागू होत नाही, तो काढावाही लागेल. आणि वडिलांना हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं मिळत असतील तर ते कॅन्सरच्या आणि दातांच्या अशा दोन्हीकडच्या डॉक्टरांना आधी सांगा, त्याचा जबड्यावर होणारा परिणाम वेगळा असतो.