आजोबा होते तेवढेच लिही

इंदूर,
रविवार

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा कच्चा मजकूर मिळाला. वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेसाठी आजोबांवर पानभर लिहायचं काम घरच्यांनी तुझ्यावर सोपवलं, हे बरं केलं. तुझ्या काकाने लिहिलं असतं तर बँकेतल्या बढत्या आणि बदल्या यांपलीकडे त्यात काही आलं नसतं. पण तूही पहिल्याच ओळीत 'हसतमुख, मनमिळाऊ, परोपकारी, हरहुन्नरी' असे चार शब्द एका रांगेत उभे केले आहेस. गेल्या वर्षी इंदुरात गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाच्या फोटोखाली ते चालले असते. शिवाय पहिला तर खोटाच आहे. टेनिसचा सेट हरल्यावर तुझा आजोबा हसत नसे. पोह्यांची बशी पुढ्यात येऊन, वर शेव आणि जीरावन मसाला पडून, दोन घास पोटात जाईपर्यंत तो बोलतसुद्धा नसे. आम्ही बाकीचे तिघे तोवर हवापाण्यावर बोलायचो. हे लिही. त्याला ओळखणारा प्रत्येक जण हे वाचून मान डोलावेल.

दुसरं, ते 'राज्य पातळीवरचे खेळाडू' काढून टाक. तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकदा उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. मी तिथे होतो. मी तर त्याच्याआधी हरून बसलो होतो. त्याने ही गोष्ट कधी लपवली नाही. ही बढती त्याला तुम्ही घरच्यांनी थोडी थोडी करून दिलीत, आधी 'कॉलेजात खेळायचे', मग 'कॉलेजचं नाव काढलं', मग 'राज्य पातळी'. माणूस गेल्यावर त्याला असं फुगवायचा मोह होतो, पण फुगवलेला माणूस कुणाच्या ओळखीचा राहत नाही. तो बरा खेळायचा. बॅकहँड कच्चा होता, ड्रॉप शॉट खट होता, आणि खेळावर त्याचं जे प्रेम होतं त्याला कुठल्याही पातळीची गरज नव्हती.

ते प्रेम कुठून आलं, हे तू विचारलं आहेस. इंदूर तसं क्रिकेटचं गाव. सी. के. नायडूंचं गाव, रणजी करंडक चारदा जिंकणाऱ्या होळकर संघाचं गाव. आमच्या लहानपणी वडीलमंडळी त्याच गोष्टी सांगायची. टेनिस म्हणजे साहेबलोकांचा आणि क्लबातल्या शेठजींचा खेळ. पण १९६६ साली कलकत्त्याला डेव्हिस कपच्या, म्हणजे देशादेशांतल्या टेनिस स्पर्धेच्या, सामन्यात आपल्या रामनाथन कृष्णन यांनी ब्राझीलच्या थॉमस कॉकला हरवलं, तेही दोन सेट विरुद्ध एक असे मागे असताना, चौथ्या सेटमध्ये २-५ अशा अवस्थेतून. तुझ्या आजोबाने ती बातमी कापून वहीत चिकटवली. कृष्णन यांची सर्व्हिस काही तोफगोळा नव्हती, सगळी करामत मनगटात आणि चेंडू कुठे टाकायचा या अकलेत. किडकिडीत पोराला हे फार भावलं असणार. आयुष्यभर तो तशीच सर्व्हिस करायचा, मऊ आणि कोपऱ्यात. कृष्णन यांच्याइतकी अचूक मात्र नाही. डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस वाया, भरपूर.

त्याची पहिली रॅकेट जुनी, लाकडी, कुणाच्या तरी मामाची. पावसाळ्यात लाकूड वाकू नये म्हणून ती चार स्क्रूंच्या प्रेसमध्ये आवळून ठेवावी लागे. तारा गटच्या होत्या. गट म्हणजे जनावराचं आतडं, हे कुणीतरी तुझ्या खापरपणजीच्या कानावर घातलं आणि रॅकेटला घरात बंदी झाली. ओसरीच्या खुंटीवर राहायची. खंडेनवमीला तुझा आजोबा तिला तिथेच गंध-फूल वाहायचा. म्हातारी आतून बघायची, बोलायची नाही. दसरा झाला की आमच्या मुरमाच्या कोर्टावर पाणी मारून रोलर फिरायचा, चुन्याच्या रेघा पडायच्या आणि आमचं वर्ष सुरू व्हायचं. पुढे लाकूड गेलं, ग्रॅफाइट आलं. त्याने फारशी खळखळ केली नाही. जुन्या गोष्टींसाठी उसासे टाकणाऱ्यांतला तो नव्हता, तसा त्याला रंगवू नकोस.

आता जे लिहिलंच पाहिजे ते सांगतो.

आमच्यासारख्यांच्या खेळात पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. नीट दिसलं नसेल तर पॉइंट समोरच्याचा, असा संकेत आहे. आता मुरमावर चेंडूचा ठसा उमटतो. मग समोरचा नेटपाशी येतो, ठसा दाखवा म्हणतो, हा ठसा की तो ठसा असा वाद रंगतो. आणि ज्याने तो दाखवण्याआधीच पुसून टाकला त्याने पॉइंट सोडला, असं धरतात. तुझा आजोबा मनात किंचित शंका आली तरी बुटाने ठसा पुसायचा, मोठ्याने स्कोअर सांगायचा आणि पाठ फिरवून जागेवर जायचा. समोरच्याला 'अहो, आउट होता' म्हणायलाही वाव नाही.

तुला हे उदात्त वाटेल. मला त्याचा संताप यायचा, कारण डबल्समध्ये मी त्याचा जोडीदार, म्हणजे अर्धा पॉइंट माझा. एकदा ड्यूसवर, म्हणजे गुण ४०-४० असे बरोबरीत असताना, त्याने असाच पॉइंट घालवला तेव्हा मी कोर्टावरच आवाज चढवला. तो म्हणाला, ''मला दिसला नाही. तुला दिसला का?'' मलाही दिसला नव्हता. तरी त्या सकाळी पोहे आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसून खाल्ले.

यातून 'आजोबांनी आम्हाला प्रामाणिकपणाचे संस्कार दिले' असं वाक्य मात्र काढू नकोस. बँकेत, घरात, व्यवहारात तो तसाच होता का? असेलही. मी तिथे नव्हतो, आणि तूही बऱ्याच वेळा नव्हतीस. ठसा पुसायचा, एवढं लिहून पुढे जा. आणि लगेच त्याचा चिक्कूपणाही येऊ दे, म्हणजे तो देव होणार नाही. चेंडूंचा डबा उघडला की चेंडूंतला दाब कमी होऊ लागतो, थोड्याच दिवसांत चेंडू मरतात. हा डब्यावर तारीख लिहून ठेवायचा आणि महिना झाल्याशिवाय नवा डबा उघडू द्यायचा नाही. मेलेल्या चेंडूने खेळून आमचे खांदे दुखायचे. मग तेच चेंडू मार्करला, म्हणजे कोर्टावर खेळ शिकवणाऱ्याला, द्यायचे की गल्लीतल्या क्रिकेटवाल्या पोरांना, यावर दर दिवाळीला भांडण.

कोपनहेगनच्या अभ्यासाचा दाखला तू दिला आहेस, टेनिस खेळणारे सुमारे ९.७ वर्षं जास्त जगतात म्हणून. २०१८ साली तो छापून आला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकमेकांना पाठवला होता. आकडा बरोबर आहे, पण तो बैठं आयुष्य काढणाऱ्यांच्या तुलनेत आहे, आणि टेनिसमुळेच आयुष्य वाढतं असं त्यातून सिद्ध होत नाही, हे त्या संशोधकांनीही मानलं आहे. त्यांना एक शक्यता अशी वाटली की या खेळात माणसांचा सहवास असतो, त्याचाही हात असावा. धावायला एकटा माणूस पुरतो, टेनिसला नेटपलीकडे कुणीतरी लागतंच. तुझ्या आजोबाने वाचून एवढंच विचारलं, ''जास्तीची वर्षं गुडघ्यांसकट देतात का?'' ठेवायचंच असेल तर आकड्याऐवजी हे ठेव.

गुडघे गेले तसा तो सिंगल्समधून डबल्समध्ये आला आणि डबल्समधून बाकावर. बाकावरून स्कोअर सांगायचा, आणि आमच्या रेघांवरही निकाल द्यायचा, जो कुणी मागितलेला नसे. २०१४ मध्ये डेव्हिस कपची चिनी तैपेईविरुद्धची लढत इंदुरात झाली, तेव्हा आम्ही थर्मास घेऊन गेलो होतो. भारत ५-० जिंकला. लोक आपल्या सोमदेव देववर्मनच्या फटक्यांना टाळ्या वाजवत होते. हा त्याच्या पायांकडे बघत होता आणि मला कोपराने ढोसत होता, ''बघ, हा चेंडूआधी पोचतो.''

एक वादही घाल. १९७४ साली आपण सोव्हिएत संघाला पुण्यात हरवून डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचलो होतो. समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या निषेधात भारताने खेळायला नकार दिला आणि कप न खेळताच त्यांच्याकडे गेला. आपले विजय आणि आनंद हे अमृतराज बंधू भरात होते. माझं म्हणणं, तिसऱ्या देशात खेळून त्यांना हरवायला हवं होतं. त्याचं म्हणणं, नकार दिला हेच योग्य. १९८७ मध्ये पुन्हा अंतिम फेरी आली आणि स्वीडनने ५-० असं धुतलं, तेव्हा मी त्याला डिवचलं. तो म्हणाला, ''हरले ना, खेळून हरले. तेव्हाचा प्रश्न हरण्या-जिंकण्याचा नव्हताच.'' मला अजून माझंच पटतं. तू लिहिताना त्याची बाजू मांड, माझी नको.

आजोबांना हे सगळं विचारायचं राहून गेलं, असं तू शेवटी लिहिलं आहेस. विचारलं असतंस तरी त्याने सांगितलं नसतं. 'काही विशेष नाही' म्हणून तुला टीव्हीवरच्या सामन्यात बसवलं असतं. त्याच्याबद्दलची माहिती त्याच्याकडे नव्हतीच, ती आमच्याकडे आहे, मार्करकडे आहे, आणि ज्यांना तो पॉइंट देऊन चिडवायचा त्यांच्याकडे आहे. मार्कर सकाळी सातच्या आत भेटतो, नंतर शिकवणीची पोरं येतात. त्याच्याशी बोल आणि मग पुन्हा लिही. पान दीड झालं तरी चालेल; छापणाऱ्याशी मी बोलेन. शुद्धलेखनही बघेन.

तुझ्या आजीला नमस्कार.

तुझ्या आजोबांचा मित्र

ता. क. फोटो निरोप समारंभातला, सूट आणि हार घातलेला नको. कोर्टावरचा आमचा चौघांचा तुझ्या आजीच्या कपाटात आहे. त्यात तो काहीतरी ओरडतोय आणि कडेला मी अर्धा कापला गेलोय. तोच लाव.