ओआरएम काढण्याआधी लॉग उघडा

प्रश्न : मी घणसोलीतील एका लहान कंपनीत वेब डेव्हलपर आहे. आमच्या प्रकल्पात डेटाबेसचा सारा व्यवहार एंटिटी फ्रेमवर्क कोअर या ओआरएममधून, म्हणजे आमच्या कोडवरून डेटाबेसला द्यायच्या आज्ञा (एसक्यूएल) स्वतः तयार करणाऱ्या साधनातून चालतो. अलीकडे काही पाने उघडायला फार वेळ लागतो. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते हे ओआरएम काढून सर्व एसक्यूएल हाताने लिहावे. ते योग्य ठरेल का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : पानाला उशीर नेमका कशामुळे होतो, हे आपल्या पत्रात आलेले नाही. ते कळण्याआधी फ्रेमवर्क बदलायला घेतले, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होण्याची मला खरोखर भीती वाटते.

काही वर्षांपूर्वी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेसाठी मी देखभाल शुल्काची प्रणाली लिहिली होती, तीही एंटिटी फ्रेमवर्कवरच. थकबाकीच्या यादीचे पान माझ्या संगणकावर क्षणात उघडत असे, कारण चाचणीसाठी मी दहाच सदनिका भरल्या होत्या. संस्थेच्या कार्यालयात मात्र २४० सदनिकांची यादी येईपर्यंत व्यवस्थापक पावतीपुस्तक उघडे ठेवून ताटकळत. लॉग, म्हणजे डेटाबेसकडे जाणाऱ्या प्रत्येक क्वेरीची (मागणीची) नोंद सुरू केली, तेव्हा सदनिकांची यादी आणणारी एक क्वेरी आणि त्यानंतर प्रत्येक सदनिकेच्या मालकाचे नाव आणणारी एकेक, अशा २४१ क्वेरी एका पानासाठी जाताना दिसल्या. त्या ओळी अक्षरशः सारख्या होत्या, फक्त शेवटचा क्रमांक बदलत होता. एका फेरीला पाच मिलिसेकंद धरले, तरी एक सेकंदाहून अधिक वेळ नुसत्या ये-जा करण्यात जातो. दोष लेझी लोडिंग, म्हणजे जोडलेली माहिती लागेल तेव्हा वेगळ्या क्वेरीने आणण्याची सोय, चालू ठेवणाऱ्या माझ्या कोडचा होता. ‘सिलेक्ट’ वापरून लागतील तेवढेच रकाने एका क्वेरीत मागवल्यावर पान लगेच उघडू लागले.

कोअरमध्ये लेझी लोडिंग आपोआप सुरू नसते, ते मुद्दाम चालू करावे लागते. आपल्या प्रकल्पात कोणी ते केले आहे का, हे आधी तपासा. पाचव्या आवृत्तीपासून ‘लॉगटू’ ही सोय असल्याने प्रत्येक पानामागची क्वेरी पाहणे अगदी सोपे झाले आहे. लॉगमध्ये एकच क्वेरी असून तीच रेंगाळत असेल, तर तिचा एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस ती कशी पार पाडतो याचा आराखडा) पाहा आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) तपासा, कारण तीच क्वेरी हाताने लिहिली तरी तितकाच वेळ घेईल.

तरीही आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या अभियंत्यांनी २०११ मध्ये हाताने लिहिलेले एसक्यूएल चालवणारे डॅपर हे छोटे साधन काढले, तेही वेगाच्या अडचणीतूनच. वर्षभराची खतावणी, चालू शिल्लक, अनेक टेबलांवरचे अहवाल अशा कामांत स्वतः लिहिलेले एसक्यूएल वाचायलाही सोपे जाते, आणि डॅपर त्याच प्रकल्पात एंटिटी फ्रेमवर्कच्या जोडीने नांदू शकते. मी स्वतः नोंदी भरणे व बदलणे ओआरएमकडे ठेवते आणि अहवाल डॅपरकडे देते. मात्र हाताने लिहिताना वापरकर्त्याने भरलेला मजकूर क्वेरीत थेट जोडू नका, तो वेगळा पाठवणारे पॅरामीटरच वापरा; घाईघाईने केलेल्या बदलात एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला भलत्याच आज्ञा देण्याच्या हल्ल्याला, वाट मिळते ती इथेच.

सर्वांत संथ पान निवडा, त्यामागे किती क्वेरी जातात ते मोजा आणि तो आकडा घेऊन सहकाऱ्यांशी बोला.