तिष्ठणं, असणं, नसणं

प्रश्न असा आला आहे : “सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाचं अभिवाचन करतोय. पत्रकासाठी दहा-बारा ओळी लिहायच्या आहेत. ‘अस्तित्ववादी नाटक’ असं लिहिलं, तर आमच्यातले एक काका अडून बसले. म्हणाले, अस्ति म्हणजे ‘आहे’. जो देव ‘आहे’ म्हणतो तो आस्तिक. मग देव न मानणारी ही मंडळी अस्तित्ववादी कशी? ती तर नास्तिकवादी! दुसरं, ‘ॲब्सर्ड’ला ‘निरर्थक’ लिहिलं तर चालेल का?”

काकांची शंका हसण्यावारी नेऊ नका, व्याकरणाला धरून आहे. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची तो नास्तिक, आणि दैवावर हवाला ठेवणारा दैष्टिक. (हा तिसरा शब्द आपण हरवून बसलो, याचं मला वाईट वाटतं. माणसं मात्र जागोजाग भेटतात.) पण सूत्रात काय ‘आहे’ ते सांगितलेलं नाही. पुढे दर्शनांच्या वादात आस्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य मानणारा असं ठरलं. त्यामुळे जगाला निर्माता ईश्वर लागतोच असं न म्हणणारे मीमांसकही (वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणारे) आस्तिकांच्याच पंगतीत बसले. तेव्हा देव न मानणाऱ्याला नेमका शब्द हवा असेल तर तो ‘निरीश्वरवादी’. ‘अस्तित्ववाद’ या शब्दात देवाच्या असण्या-नसण्याचा संबंधच नाही. तिथलं अस्तित्व माणसाचं आहे. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द चांगला श्रद्धावान ख्रिस्ती होता, आणि या विचाराची सुरुवात सांगताना त्याच्यापासूनच सांगतात. खुद्द फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रनं १९४५ साली पॅरिसमधल्या गाजलेल्या व्याख्यानात दोन घरं स्वच्छ वेगळी केली : एक ख्रिस्ती अस्तित्ववाद्यांचं, दुसरं त्याचं स्वतःचं, निरीश्वर. पत्रकात ‘निरीश्वर अस्तित्ववाद’ लिहा, काका गप्प बसतील.

त्याच व्याख्यानातलं एक वाक्य मात्र मराठीत येताना पार घसरतं. ‘अस्तित्व सत्त्वाच्या आधी असते’ असं ते छापलेलं आढळतं. मराठी माणसाला सत्त्व म्हटलं की गुळवेलीचं सत्त्व आठवतं, नाहीतर सत्त्वपरीक्षा. बरं, व्युत्पत्तीनं पाहावं तर ‘सत्’ही ‘अस्’ धातूचाच, म्हणजे ‘असणं हे असण्याच्या आधी असतं’ एवढंच हाती लागतं! सार्त्रचा दाखला साधा होता, कागद कापायच्या सुरीचा. सुरी घडायच्या आधी कारागिराच्या डोक्यात ती कशी असावी, कशासाठी असावी, हे ठरलेलं असतं. माणसाच्या मागे असा कारागीर नसेल, तर तो कशासाठी हे आधी कुणी ठरवलेलं असणार? म्हणून मी हे वाक्य असं लिहीन : माणूस आधी असतो, कसा, ते मग. तत्सम शब्द एकही नाही, आणि काही अडलं नाही.

आता ‘ॲब्सर्ड’. इथे थोडा वेळ काढू.

रोजच्या इंग्रजीतल्या ॲब्सर्डला आपल्याकडे फर्मास शब्द आहे : “काहीतरीच काय!” कोर्टकचेरीत ‘हास्यास्पद’ किंवा ‘बिनबुडाचा’ चालतो. पण फ्रेंच लेखक कामूनं १९४२ साली सिसिफसवरच्या (ग्रीक कथेतला, तीच शिळा पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलणारा) निबंधात हा शब्द उचलला तो वेगळ्या कामासाठी. त्यानं दाखला दिला आहे तो तलवार उपसून मशीनगनच्या ठाण्यावर धावून जाणाऱ्या माणसाचा. यात तलवार ॲब्सर्ड आहे का? नाही. मशीनगन? तीही नाही. त्या दोघींची गाठ पडते, तिथे तो प्रकार घडतो. तसंच माणूस विचारत राहतो, का, कशासाठी, आणि जग तोंड उघडत नाही. कामूच्या मते ॲब्सर्ड एकट्या माणसात नाही आणि एकट्या जगातही नाही, तो दोघांच्या मध्ये आहे.

‘निरर्थक’ म्हटलं की नेमकं हेच हुकतं. निरर्थक हा एकाच वस्तूचा गुण झाला. निरर्थक बडबड, निरर्थक खर्च. ‘जग निरर्थक आहे’ म्हणून मोकळं व्हायचं, की विषय संपला. ‘त्यात काही अर्थ नाही’ हे आपण एखादी गोष्ट सोडून देताना म्हणतो. कामू तिथून सुरुवात करतो. आणि नाटकातच बघा ना. गोदो नावाच्या कुणाची तरी वाट पाहणारी दोन माणसं, एस्त्रागोन आणि व्लादिमीर. एस्त्रागोन भुकेला आहे, गाजर मागतो, व्लादिमीर खिसे चाचपून आधी सलगम काढतो, मग गाजर. बूट पायातून निघत नाही म्हणून जीव मेटाकुटीला आलेला. यातलं निरर्थक काय आहे? गाजराला पुरेपूर अर्थ आहे, बुटालाही आहे. फक्त त्या दोघांनी जिच्यासाठी ताटकळावं ती बाजू गप्प आहे.

म्हणून माझं मत ‘असंगत’ला. ‘असंगत नाट्य’ हा प्रयोग मराठीत रुळलेलाही आहे, पण बहुतेक जण तो ‘तर्काला सोडून’ एवढ्याच अर्थानं वाचतात. तो कानानं वाचावा. संगत म्हणजे तबल्याची संगत, पेटीची संगत. गाणारा गातोय आणि साथ भलतीकडे, किंवा साथीदार मांडी घालून बसलाय आणि ठेकाच देत नाही, असं काहीतरी. मूळ लॅटिन शब्दही कानाचाच आहे. ‘आब्सुर्दुस’ म्हणजे बेसूर. रोमन वक्ता सिसेरो वक्तृत्वावर लिहिताना माप सोडून गेलेल्या बेसूर आवाजाला हाच शब्द लावतो. त्यातला ‘सुर्दुस’ म्हणजे बहिरा. युरोपातल्या एका शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायला जावं आणि दोघांच्याही पोटात संगीत निघावं, असं क्वचित होतं.

कामूच्या निबंधात या बहिरेपणाचं एक चित्रही आहे. काचेपलीकडे एक माणूस टेलिफोनवर बोलतोय. आवाज येत नाही, नुसते हातवारे दिसतात, आणि बघणाऱ्याच्या मनात येतं, हा जगतो तरी कशाला? माझ्या वयाच्या लोकांना हे समजावायला नको. एसटीडी-पीसीओची ती काचेची केबिन आठवा. बाहेर आपण सुटे पैसे मुठीत धरून रांगेत, आत एक गृहस्थ भुवया उंचावतायत, हात जोडतायत, मग उगीचच हसतायत. दार उघडून ते बाहेर आले की पुन्हा चारचौघांसारखे. आतला माणूस वेडा नव्हता, पलीकडे ऐकणारंही कुणी होतं. काचेमुळे आपल्यापुरती संगत तुटली होती, इतकंच.

‘विसंगत’ का नको, असं पुढचा विचारेल. वाईट नाही. पण आपल्याकडे विसंगती म्हटली की एकतर विनोदाची मीमांसा सुरू होते, नाहीतर पुढाऱ्याची काल आणि आजची विधानं.

आता मूळ शब्दाकडे. ‘अस्तित्व’मध्ये नुसतं ‘आहे’पण आहे, स्थिर. ज्याचं हे भाषांतर त्या ‘एक्झिस्टन्स’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदात हालचाल आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘सिस्तेरे’ म्हणजे उभं राहणं, उभं करणं. बाहेर येऊन उभं ठाकणं. हे ‘सिस्तेरे’ आणि संस्कृतातलं ‘तिष्ठति’ सख्खी भावंडं आहेत, दोन्हीकडे धातूचं पहिलं अक्षर तसंच दुणावलेलं. आणि ‘तिष्ठति’चं मराठीत काय झालं? तिष्ठत राहणं! संस्कृतात नुसता उभा असलेला माणूस मराठीत येईपर्यंत कुणाची तरी वाट पाहत उभा राहिला. धातू एक म्हणून तत्त्वज्ञान एक, असं मी म्हणणार नाही. तो शब्दवेड्यांचा जुना आजार आहे. पण गोदोच्या पत्रकासाठी हा योगायोग सोडवत नाही. दोन अंक दोन माणसं एका झाडापाशी तिष्ठतात, दोन्ही संध्याकाळी एक पोरगा येऊन सांगतो, आज जमणार नाही, उद्या नक्की. १९५७ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या सान क्वेंटिन तुरुंगात सुमारे चौदाशे कैद्यांसमोर याचा प्रयोग झाला. पॅरिसच्या जाणकारांना कोडं वाटलेलं नाटक त्यांना बिनबोभाट कळलं. तिष्ठत ठेवणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

गोदो म्हणजे गॉड का, हेही कुणीतरी विचारेलच. नाटक फ्रेंचमध्ये लिहिलं गेलं, १९५३ च्या जानेवारीत पॅरिसला झालं, आणि फ्रेंचमध्ये देवाला ‘दिय’ म्हणतात. तिथल्या बोलीत जाडजूड बुटाला ‘गोदियो’ हा शब्द आहे, तो जवळचा. बेकेट मूळचा डब्लिनचा, त्याच्या कानाला इंग्रजी ‘गॉड’ ऐकू आला नसेल हेही पटत नाही. पण देव म्हणायचा असता तर देवच म्हटलं असतं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. पत्रकात समीकरण मांडू नका.

त्यापेक्षा एक मराठी क्रियापद वापरा, जे फ्रेंचकडे नाही : नसणं. नसतो, नव्हता, नसेल, नसावा, असं सगळं चालतं त्याचं. सार्त्रच्या १९४३ च्या जाडजूड ग्रंथाच्या नावाचं भाषांतर ‘सत् आणि शून्य’च्या आसपास करतात. त्यातला एक प्रसंग असा. चार वाजता पिएरला कॅफेत भेटायचं ठरलंय, सार्त्रला पोचायला पाव तास उशीर. आत शिरून तो टेबलं, आरसे, दिवे, चेहरे बघतो. पिएर नाही. आणि सबंध कॅफे मागे सरून त्या एका न दिसणाऱ्या माणसाची पार्श्वभूमी होतो. सार्त्र पुढे म्हणतो, जुना इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनही त्या कॅफेत नाही, पण ते नुसतं विधान झालं. त्याची कुणी वाट पाहत नव्हतं. मराठीत हा फरक दोन शब्दांत होतो. वेलिंग्टन ‘नाही’. पिएरचं ‘नसणं’ आहे. आजी गेल्यावर तिच्या पलंगावर कुणी बसत नाही, तेव्हा खोलीत असतं ते हेच.

‘देव नाही’ हे निरीश्वरवाद्याचं विधान झालं, वेलिंग्टनसारखं, चहा पिता पिता करण्याजोगं. ‘देवाचं नसणं’ ही वेगळी गोष्ट आहे. ती ज्याला जाणवते त्याच्या मनात कधीतरी चार वाजताची वेळ ठरलेली होती. ही नाटकं दुसऱ्या जातीची, आणि त्या काळची काही शिल्पंही. म्हणूनच, कलेत पाहायचं तर, मला सार्त्रच्या ग्रंथापेक्षा शिल्पकार जाकोमेत्तीचा १९६० सालचा चालणारा माणूस जास्त सांगतो. पुरुषभर उंचीचा, पण काडीसारखा. अंगभर बोटांच्या चिमटीच्या खुणा तशाच ब्राँझमध्ये ओतलेल्या. पावलं तेवढी भलीमोठी, खाली चिकटलेली, जणू चिखलातून उपसतोय. बाहेर येऊन उभं ठाकणं, ते हे. सार्त्रनं त्याच्यावर निबंध लिहिले. जाकोमेत्ती मात्र, काम करताना एकाकीपणा वगैरे आपल्या डोक्यात नव्हता, असं म्हणायचा.

याच जाकोमेत्तीनं १९६१ साली पॅरिसच्या ओदेओन नाट्यगृहातल्या प्रयोगासाठी गोदोचं झाड केलं. प्लास्टरचं. संहितेत झाडाबद्दल फारसं काहीच नाही : गावाकडचा रस्ता, झाड, संध्याकाळ. दुसऱ्या अंकात त्याला चार-पाच पानं फुटलेली. एवढ्यासाठी तो आणि बेकेट रात्रभर खपत होते. झाड थोरलं कर, धाकलं कर, फांद्या बारीक कर. मनासारखं काही होईना. आणि दोघं एकमेकांना फ्रेंचमध्ये सारखे म्हणत होते, ‘प्योतेत्र’. शब्दशः, ‘असू शकेल’. ‘कदाचित’ हा त्याचा कोशातला अर्थ. रात्री दोनला, प्लास्टरनं हात भरलेला मराठी माणूस कदाचित म्हणणार नाही. तो फांदीकडे बघत म्हणेल, “असेल.”