वाचक विचारतात : चर्च आहे, मग शिखर कुठंय?

प्रश्न : गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला गेले होते. सिटी रोडवर वेस्लीज चॅपल आहे, मेथडिस्ट लोकांचं (हा ख्रिश्चनांचा एक पंथ) अगदी मूळ ठिकाण म्हणतात म्हणून मुद्दाम बघायला गेलो. पण बाहेरून ते चर्च वाटेचना, ना मनोरा ना टोकदार शिखर. आत पुलपीट, म्हणजे प्रवचनाचा उंच मंच, एकदम मधोमध आणि प्रभुभोजनाचं (भाकर-द्राक्षरसाच्या विधीचं) टेबल त्याच्या मागे! दारातून शिरल्यावर जुने लाकडी खांब दिसले, ते कशाचे तेही कळलं नाही. असं का बांधलंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुम्ही पुलपीट बरोबर हेरलंत, सगळी इमारत त्याच्याभोवतीच फिरते.

आपल्याकडच्या देवळाचा विचार करा. गाभाऱ्यात दर्शन घ्यायचं आणि कीर्तन ऐकायला सभामंडपात बसायचं. मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लीला हवा होता तो सभामंडप. तो स्वतः शेवटपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडचा दीक्षित पाळक होता, गावात पॅरिश चर्च, म्हणजे त्या गावाचं अधिकृत चर्च, असताना त्याच्याशी स्पर्धा करणारं दुसरं चर्च उभं करायचं त्याच्या मनातच नव्हतं, म्हणून आपल्या लोकांच्या इमारतींना तो चर्च न म्हणता प्रीचिंग हाउस म्हणायचा, म्हणजे प्रवचनाचं घर. मग मनोरा कशाला लागतो? १७३९ पासून हा माणूस उघड्या माळावर हजारो लोकांपुढे बोलत होता, त्यामुळे छपराखाली आल्यावरही त्याची पहिली अट एकच, शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. (त्याचा भाऊ चार्ल्स याने हजारो गीतं लिहिली आणि ती सगळ्यांनी मिळून गायची असायची, तेव्हा नुसतं प्रवचन नाही, गाणंही घुमायला हवं.)

सिटी रोडच्या आधी लंडनमध्ये त्यांचा मुक्काम तोफा ओतायच्या एका जुन्या कारखान्यात होता, स्फोट होऊन पडीक झालेल्या. मग १७७७ च्या एप्रिलमध्ये या चॅपलची कोनशिला बसली आणि १ नोव्हेंबर १७७८ ला ते उघडलं, तेव्हा वेस्ली ७५ वर्षांचा होता. वास्तुरचना जॉर्ज डान्स धाकटा याची. इमारत नीटनेटकी आहे पण भपकेबाज नाही, अशा अर्थाचं वेस्लीनेच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय आणि मला वाटतं याहून नेमकं वर्णन कुणाला जमणार नाही. तिन्ही बाजूंनी गॅलरी आहे ना, ती का, तर माणसं लांब लांब बसवण्यापेक्षा वर बसवली की बोलणाऱ्याच्या जवळ राहतात. पुलपीट तर आधी तीन मजली होतं, आज दिसतं त्याहून उंच, म्हणजे गॅलरीतल्या माणसाशीही नजरेला नजर भिडायची. प्रभुभोजन तिथे सुरुवातीपासून होतं, टेबल मागे गेलं म्हणून त्याचा मान कमी झाला असं समजू नका.

आता ते खांब. त्या जहाजांच्या डोलकाठ्या आहेत! तिसऱ्या जॉर्ज राजाने डेप्टफर्डच्या सरकारी गोदीतून त्या दिल्या आणि त्यांच्यावर गॅलरी पेलली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, शिडाचा भार पेलायला घडवलेलं सरळसोट लाकूड आणि त्यावर गीतं म्हणणारी माणसं बसलेली. वेस्लीला जाऊन १०० वर्षं झाली तेव्हा, १८९१ मध्ये, त्या काढून फ्रेंच जास्पर दगडाचे खांब लावले, त्यांचा खर्च परदेशातल्या मेथडिस्टांनी उचलला. देखणे आहेत, नाही म्हणत नाही, पण माझा जीव डोलकाठ्यांतच अडकलाय. फेकून न देता दाराशी जपल्या हे फार चांगलं केलं. पुन्हा गेलात तर गॅलरीच्या कठड्यावरची नक्षीही जवळून बघा, कबुतर आणि त्याला वेढा घातलेला साप, सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निरुपद्रवी व्हा हे बायबलमधलं वचन आहे ना, तेच.

प्रश्न : सगळी जुनी मेथडिस्ट चर्च अशीच चौकोनी असतात का? आणि मग टोकदार कमानींची, मनोऱ्याची मेथडिस्ट चर्चही दिसतात ती कशी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चौकोनी कुठली, वेस्लीला तर अष्टकोनी हवी होती. जागा असेल तिथे आठ कोनीच बांधा असं त्याने नियमातच घालून दिलं, कारण आवाजाला ती सगळ्यात चांगली. बोलणारा एका बाजूला असला तरी कुणी फार लांब पडत नाही. यॉर्कशरच्या डोंगरात हेप्टनस्टॉलला १७६४ चं असं चॅपल अजून उभं आहे, त्याचं छप्पर रॉदरहॅमला तयार करून घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगरातून आणलं असं सांगतात. पुढे १८०२ मध्ये जागा पुरेना म्हणून ते लांबवलं, त्यामुळे आज अष्टकोन ताणल्यासारखा दिसतो.

ब्रिस्टलची न्यू रूम ही मेथडिस्टांची सगळ्यात जुनी इमारत, १७३९ ची, १७४८ मध्ये वाढवलेली. तिथे छताच्या मधोमध अष्टकोनी झरोका आहे, उजेड वरून खाली पडतो. खालच्या भिंतींना खिडक्या नाहीत. त्या काळी मेथडिस्टांवर जमाव दगड घेऊन चालून यायचे, हे लक्षात घेतलं की त्या कोऱ्या भिंती वेगळ्याच दिसायला लागतात. वरच्या मजल्यावर प्रवचनकारांच्या खोल्या आहेत.

टोकदार कमानी नंतर आल्या. १८५० मध्ये एफ. जे. जॉबसन नावाच्या पाळकाने, तो आधी वास्तुकलेचं शिक्षण घेतलेला होता, चॅपल गॉथिक पद्धतीने बांधा असं पुस्तक लिहूनच मांडलं आणि व्हिक्टोरियन काळात ती लाट पसरली. विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट धर्मप्रसारक मुंबईत येऊन मेथडिस्ट मंडळी जमवू लागला ते १८७० च्या दशकात, म्हणजे ही लाट जोरात असताना. गॉथिकचं सौंदर्य मला मान्य आहे, पण लांबट गॉथिक चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलं की प्रवचनातले शब्द विरत जातात, तिथे वेस्लीचा अष्टकोन आठवतो.