नांदेडहून लंडन रेल्वेने? आधी सीमा बघा, मग तिकीट

विमान टाळून परदेशी जाऊ पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न वाढलेत. कुणाला विमानाची धास्ती, कुणाला डॉक्टरांची मनाई, तर कुणाला खिडकीतून देश बघत जायची हौस. बहुतेकांचा पहिला प्रश्न मात्र तिकिटाचा असतो, आणि गफलत होते ती तिथेच. अमुक सीमा आपल्या पासपोर्टला आज उघडी आहे का, हे आधी बघायचं. गाडी, बोट, हॉटेल हे सगळं त्यानंतर.

मी आणि आमच्या सौ. दोघंही सत्तरीला टेकलो आहोत. पासपोर्ट नाही. विमान नको, असं डॉक्टर म्हणतात. जनकपूरला सीतामाईचं माहेर बघायचं आहे. जोडीला काठमांडूही करावं का? (निवृत्त शिक्षक, परभणी)

सर, जनकपूर बिनघोर करा. बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातल्या जयनगरहून नेपाळची गाडी थेट जनकपूरला जाते. जुनी छोट्या रुळांची गाडी २०१४ मध्ये बंद पडली होती. मोठ्या रुळांवर ती एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा धावू लागली. जयनगरचं नेपाळी स्टेशन आपल्या स्टेशनला खेटूनच आहे, त्यामुळे सामान घेऊन गावभर फिरायला नको. घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढे करा. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे आणि परतीची गाडी त्यांच्या घड्याळाने सुटते.

परभणीहून मनमाड गाठा आणि तिथून मुंबईहून येणारी जयनगरची पवन एक्सप्रेस धरा. मनमाडपासून पुढे दीड दिवसाचा प्रवास आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी खालचे बर्थ मागून घ्या. मनमाडला गाडी बदलायला चार तास तरी हाताशी असू द्या. आपल्याकडून जाणारी गाडी कधी कुठे रखडेल, हे परभणीकरांना मी काय सांगू!

पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. पासष्टीपुढच्या भारतीयांना नेपाळसाठी आधारही चालतं. तरी मूळ मतदार ओळखपत्र सोबत असूच द्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. शंभरपर्यंतच्या नोटांची एक गड्डी घ्या. पाचशेच्या नोटेवरून नेपाळात वर्षानुवर्षं घोळ झालेला आहे. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात, हा दर ठरलेला आहे, त्यामुळे कुणी कमी देऊ लागला तर ऐकून घेऊ नका. आणखी एक. या गाडीत भारतीय आणि नेपाळी नागरिकांनाच बसता येतं. परदेशी नागरिकत्व असलेला नातू सोबत नेणार असाल, तर त्याला या वाटेने नेता येणार नाही.

काठमांडूचं म्हणाल, तर माझा सल्ला नको असाच आहे. जनकपूरहून तिकडे रेल्वे नाही, डोंगरातला रस्ता आहे, आणि सप्टेंबर २०२४ च्या पुरात त्याची दैना झाली. सत्तरीच्या गुडघ्यांना तो कशाला दाखवायचा? त्याऐवजी जनकपूरला दोन रात्री राहा, येताना बिहारमधलं सीतामढी करा. मार्गशीर्षातल्या विवाहपंचमीला जनकपूरला रामसीतेच्या लग्नाचा सोहळा असतो. गर्दी झेपणार असेल तर तोच मुहूर्त धरा, नसेल तर तो आठवडा कटाक्षाने टाळा.

नांदेडहून लंडनपर्यंत एकदाही विमानात न बसता जाता येईल का? नकाशावर तर रूळ सलग दिसतात. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, लातूर)

नकाशावर दिसतात हे खरं. सचखंड एक्सप्रेस नांदेडहून अमृतसरला सोडते, अटारी तिथून तीसेक किलोमीटर. रूळ पुढे लाहोरलाही जातो, गाडी जात नाही. समझौता एक्सप्रेस ऑगस्ट २०१९ पासून थांबली आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकीही बंद झाली. पूर्वेला बघा: कोलकात्याहून ढाक्याला जाणारी मैत्री, खुलन्याची बंधन, न्यू जलपाईगुडीहून सुटणारी मिताली, या तिन्ही गाड्या जुलै २०२४ मध्ये थांबल्या. म्यानमारमध्ये यादवी चालू आहे. उत्तरेला हिमालय, आणि त्यापलीकडे तिबेटचा वेगळा परवाना. १९५७ मध्ये लंडनहून कलकत्त्याला बस आली होती, आज ती वाट नाही. नेपाळची ती जनकपूरची गाडी सोडली, तर रेल्वेपुरता भारत सध्या बेटच आहे.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर एकदाच विमान घेतलं असतं, तेही मुंबई ते इस्तंबूल एवढंच. तिथून लंडनपर्यंत रूळ आहेत. आणि यातली खरी मजा कागदपत्रांत आहे. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया आणि रुमानिया जमिनीच्या सीमेवरूनही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आले. म्हणजे तुर्कस्तान ओलांडलं की फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत एकच व्हिसा. शेंगेन व्हिसा हाती असला की तुर्कस्तानचा ई-व्हिसाही ऑनलाइन मिळतो. ब्रिटनचा मात्र वेगळा काढावा लागतो, शेंगेनवर तिथे कुणी आत घेत नाही. शेंगेनचा अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा, आणि सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा जोडायचा.

इस्तंबूलची युरोपकडची गाडी गावाबाहेरच्या हल्काली स्टेशनातून सुटते, जुन्या सिर्केजीहून नाही. तिथवर मार्मराय लोकल नेते. सोफियाची गाडी रात्रीची आहे आणि तिच्यात झोपेचं खोबरं होणार हे धरून चला. ऐन मध्यरात्रीनंतर कापिकुले या सीमेवरच्या स्टेशनात सगळ्यांना खाली उतरवतात. पासपोर्ट घेऊन फलाटावर रांग लावायची, खिडकीवर शिक्का घ्यायचा, परत येऊन आडवं व्हायचं. जरा डोळा लागतो तोच बल्गेरियाचे अधिकारी दार ठोठावतात. मध्यरात्री मनमाडच्या फलाटावर पथारी पसरून गाडीची वाट पाहिलेल्या माणसाला हे काही जड नाही.

सोफियात एक रात्र मोडा. पुढे बल्गेरियाच्याच सीमेवरच्या रूसेला गाडी बदलून रुमानियाचं बुखारेस्ट, तिथून रात्रीच्या गाडीने बुडापेस्टवरून थेट व्हिएन्ना. तिथून दिवसा जर्मनी ओलांडत ब्रुसेल्स. शेवटच्या टप्प्याला सगळे युरोस्टार सुचवतात. समुद्राखालून जाणारा ५० किलोमीटरचा बोगदा, दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी चढण्याआधीच, दोन तासांत लंडन. चांगलीच गाडी आहे, पण उशिरा काढलं तर तिकीट डोळे पांढरे करतं. मला विचाराल तर नेदरलँड्समधल्या हूक व्हॅन हॉलंडहून इंग्लंडच्या हार्विचला जाणारी रात्रीची बोट घ्या. रॉटरडॅमहून मेट्रो बंदरापर्यंत जाते. बोटीत केबिन घ्यावीच लागते, म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचते. सकाळी हार्विचला बंदरातच स्टेशन आहे, लंडनची गाडी तिथूनच मिळते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन नागपट्टिणमहून बोटीने श्रीलंकेला जायचं आहे. मुख्य ओढ अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची. (गृहिणी, छत्रपती संभाजीनगर)

ताई, वाट अगदी बरोबर निवडलीत, महिना चुकला. आपल्याकडे दिवाळीत पाऊस उघडलेला असतो, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नेमका तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला वादळांचा काळ. याच किनाऱ्यावरचं धनुष्कोडी डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात प्रवासी गाडीसकट वाहून गेलं. नागपट्टिणम ते श्रीलंकेतलं कांकेसंतुराई बंदर ही बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि आठवडाभरात हवामानापायी थांबवावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, त्यात कुणाचा दोष नसतो.

तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी धरा. वैशाख पौर्णिमा बहुधा मे महिन्यातच येते, त्या दिवसांत श्रीलंकेत रस्तोरस्ती कंदील लागलेले असतात. महिनाभराने ज्येष्ठ पौर्णिमेला सम्राट अशोकाचा भिक्खू झालेला मुलगा महिंद थेर अनुराधापूरजवळच्या मिहिंतलेला आल्याचा उत्सव असतो. तेव्हा सगळं बेटच अनुराधापूरकडे लोटतं, मुलांसोबत ती गर्दी नको.

कोलंबोला विमानाने उतरून अनुराधापूरला जायचं म्हणजे अर्धा देश उत्तरेला चढून यायचं. बोट मात्र तुम्हाला उत्तर टोकालाच उतरवते. चारेक तासांचा समुद्र, मग जाफना, आणि जाफना-कोलंबो रेल्वेमार्गावर मध्येच अनुराधापूर. नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळाने तिथल्या रेल्वेचं मोठं नुकसान केलं. त्यामुळे निघण्याआधी त्या मार्गाची खबर काढा, गाडी नसेल तर बस आहेच.

इकडून सिकंदराबादला गाडी बदलून चेन्नई आणि तिथून कारैकलकडची गाडी नागपट्टिणमला सोडते. चेन्नईत स्टेशन बदलावं लागू शकतं, मुलं आणि बॅगा धरून त्यासाठी अर्धा दिवस ठेवा. इथे पासपोर्ट हवाच, आणि श्रीलंकेची ऑनलाइन प्रवेश परवानगी निघण्याआधी काढून छापून घ्या. उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परतीच्या बोटीनंतर दोन दिवस मोकळे राखा. बोट रद्द झाली आणि चेन्नईहून पुढचं आरक्षण दुसऱ्याच दिवसाचं असलं, तर ते पैसे बुडालेच.

आमचे आजोबा मुंबईहून बोटीने हजला गेले होते. तशी बोट आता मिळेल का? (व्यापारी, बीड)

नाही. मुंबई-जेद्दा हज बोट १९९५ मध्ये बंद झाली, शेवटी ‘अकबरी’ जहाज या वाटेवर होतं. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याची बोलणी झाली, पण बोट काही निघाली नाही. कुणी एजंट ‘बोटीने हज’ म्हणून आगाऊ रक्कम मागत असेल, तर दुकानाचं शटर खाली ओढा.

मुलगा श्टुटगार्टला नोकरीला आहे. महिनाभर त्याच्याकडे राहून पॅरिस, स्वित्झर्लंड बघायचं आहे. युरोपभरच्या गाड्यांना चालणारा युरेल पास घ्यावा का? बोटीचीही हौस आहे. (एक दांपत्य, जालना)

आधी हिशेब करा. घर मुलाकडे, आणि फिरणं म्हणजे दोन-तीन सहली. तुम्हाला महिनाभराचा पास कशाला? जर्मनीत फिरायला डॉइचलांड-तिकीट काढा. २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, नंतर महागलं, तरी देशभरच्या लोकल, प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम त्यात येतात. वेगवान आयसीई येत नाही. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करायचं काम मुलाला लावून द्या.

पॅरिससाठी जर्मन रेल्वेची सवलतीची तिकिटं महिना-दोन महिने आधी काढलीत तर स्वस्त पडतात. पास घ्यायचाच असेल तर महिन्यात चार दिवसांचा पुरे. साठीपुढच्यांना त्यात सूट आहे. पास असला तरी पॅरिसच्या वेगवान गाडीत जागेचं आरक्षण वेगळं लागतं, हे पास विकणारे शेवटी सांगतात. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना ते लागत नाही.

जर्मन गाड्या घड्याळावर चालतात, हा आपला जुना समज सोडून द्या. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोचल्या, आणि ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ धरून. गाडी बदलायला तासभर ठेवा. सवलतीचं तिकीट एरवी त्याच गाडीला बांधलेलं असतं, पण पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. तिथे हमालही नाहीत. बॅग स्वतःला जिना चढवता येईल एवढीच भरा.

बोटीची हौस फिटायला समुद्र कशाला? बोडन सरोवरावर जर्मनीतल्या फ्रीड्रिक्सहाफेनहून स्वित्झर्लंडच्या रोमान्सहॉर्नला पाऊण तासात बोट जाते, आणि दोन्हीकडे स्टेशन बंदराजवळच आहे. शेंगेनमध्येच असल्याने सहसा कुणी अडवत नाही, पण पासपोर्ट खिशात हवा.

बोटीने जाणं पर्यावरणाला खरंच बरं का? (प्राध्यापक, अंबाजोगाई)

कुठली बोट आणि तुम्ही तिच्यावर कसे चढता, त्यावर आहे. ब्रिटन सरकारच्या आकडेवारीत प्रवाशामागे दर किलोमीटरला रेल्वे साधारण ३५ ग्रॅम कार्बन सोडते, जवळच्या पल्ल्याचं विमान दीडशेच्या आसपास. पायी बोटीत चढणारा प्रवासी १९ ग्रॅमला पडतो, आणि मोटार घेऊन चढणारा जवळपास १३० ग्रॅमला, कारण मोटारीची जागा आणि वजन त्याच्या खात्यात जातं. अतिवेगाच्या बोटी इंधन जास्त पितात, ते वेगळंच. म्हणून मुंबईहून इस्तंबूलला उडालेल्याने पुढच्या गाड्यांचा फार मोठेपणा सांगू नये. पण युरोपात उतरल्यावर आणखी चार विमानं घेणाऱ्यापेक्षा त्याचा हिशेब नक्कीच बरा.

मुलीकडे पॅरिसला जाताना काय काय नेता येईल? (आजी, हिंगोली)

आजी, तूप, पेढे, खवा, बर्फी ठेवून द्या. बाहेरून येणारे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, विमानाने जा नाहीतर गाडीने. ताजे केशर आंबेही वनस्पती आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, मेतकूट, काळा मसाला खुशाल न्या, पण घरच्या डब्यात भरण्याऐवजी पाकीटबंद करून वर नाव लिहा. मसाल्याची पुडी हातातल्या बॅगेत ठेवू नका, तपासणीत तीच आधी उघडतात.