स्क्वालीन आणि स्क्वालेन एकच का? शरीरात त्याचं काम काय, आणि चेहऱ्याला कोणतं लावावं?

एकच नाही. चेहऱ्याला लावायचं ते स्क्वालेन.

स्क्वालीन हे ३० कार्बनचं तेलकट हायड्रोकार्बन. आपलं शरीर कोलेस्टेरॉल बनवतं तेव्हा वाटेत ते तयार होतंच: १५-१५ कार्बनचे दोन तुकडे जुळले की स्क्वालीन, मग त्याला ऑक्सिजन जोडला जातो, साखळी वळून कड्या होतात आणि पुढे कोलेस्टेरॉल. बहुतेक पेशींत ते लगेच पुढे सरकतं. त्वचेच्या तैलग्रंथींत मात्र साठून राहतं, म्हणून चेहऱ्यावरच्या तेलात ते साधारण १२ टक्के असतं.

घोळ होतो तो त्याच्या सहा दुहेरी बंधांमुळे. ऊन-हवा लागली की तिथे ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड तयार होतात आणि त्यांनीच त्वचेची छिद्रं तुंबतात. बाटलीतही तेच होतं, तेल खवट होतं. या सहा बंधांत हायड्रोजन भरला की झालं स्क्वालेन. ते वर्षभर सहज टिकतं.

आंघोळीनंतर चेहरा ओलसर असतानाच २-३ थेंब लावा. चेहरा पुसून कोरडा झाल्यावर लावलं तर नुसतीच चकाकी येते, कारण ते स्वतः पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही इतकंच. घेताना ते ऊस किंवा ऑलिव्हपासूनचं आहे का, ते पाहा. १९०६ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ त्सुजिमोटो यांना स्क्वालीन सापडलं ते शार्कच्या यकृताच्या तेलात, आणि तिथून काढणं अजून पूर्ण थांबलेलं नाही.

राजगिऱ्याच्या तेलात ६-८ टक्के स्क्वालीन असतं हे खरं, पण दाण्यात तेलच जेमतेम ७ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम राजगिऱ्यात जेमतेम अर्धा ग्रॅम. लाडू खा, पण चवीसाठी.

नायट्यावरचं औषध टर्बिनाफिनही स्क्वालीनच्या वाटेवरच घाव घालतं. बुरशीचं स्क्वालीन पुढे सरकवणारं एन्झाइम ते अडवतं. मग बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनत नाही आणि आत साचलेलं स्क्वालीन तिलाच मारतं. भारतात पसरलेल्या काही बुरशींत नेमकं हे एन्झाइम बदललेलं आढळतं, त्यामुळे गोळ्या घेऊनही नायटा हटत नाही. अशा वेळी दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका. खाज थांबते, बुरशी पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञांकडे खरवडीची तपासणी करून औषध बदलून घ्या.