आधी यंत्रापाशी उभी राहा

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. मेहनत दिसते. सगळ्या औद्योगिक विभागातल्या कामगारांसाठी एक पोर्टल, शेकडो व्हिडिओ, मोबाइलवर मिळणारं प्रमाणपत्र. निधीही मंजूर होईल असं लिहिलं आहेस. पण मी त्यात एक माणूस शोधत होतो आणि तो मला सापडला नाही. दुसऱ्या पाळीत लेथवर उभा असलेला. त्याला ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, नीट वाचता येत नाही आणि कुणाला विचारायची लाज वाटते. तुझा हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे ना?

मीही पोर्टलपासूनच सुरुवात केली होती, म्हणून हे कळकळीनं सांगतो. वेल्डिंगचे धडे होते, चित्रण सुरेख, प्रत्येक धड्याखाली पाच प्रश्न. वर्षभरात प्रमाणपत्रांची फाइल जाड झाली. मग एका कारखान्यातल्या फोरमननं मला सदोष म्हणून परत आलेल्या जॉबच्या, म्हणजे बनवलेल्या भागांच्या, ढिगापाशी नेलं. ढीग पूर्वीएवढाच होता. तो म्हणाला, "पोरांना उत्तरं पाठ झाली, हात काही बसला नाही." ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

हात बसवायला यंत्राची मदत होते का? होते, आणि हे फार पूर्वी सिद्ध झालं आहे. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन तरुणानं 1929 च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गन वाद्यांच्या कारखान्यातले भाते वापरून जमिनीवरच हलणारं, झुकणारं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला ते मुख्यतः करमणुकीच्या उद्यानांतच खपलं. 1934 मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलावर टपाल वाहून नेण्याची जबाबदारी आली. खराब हवामानात, केवळ उपकरणं पाहून विमान चालवण्याची सवय नसलेले वैमानिक एकामागोमाग एक मृत्युमुखी पडले. तेव्हा लष्करानं अशी सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर शिकले. त्या यंत्रात पडदा नव्हता, चित्र नव्हतं. पण चूक केली तर जीव जात नव्हता, चूक झाल्याचं तिथल्या तिथे कळत होतं, आणि तेच पुन्हा दहा वेळा करता येत होतं. शिकवण्याच्या कुठल्याही तंत्रज्ञानाला मी हे तीन प्रश्न विचारतो. व्हिडिओंची लायब्ररी तिन्हींत नापास होते. वेल्डिंगचा सिम्युलेटर, म्हणजे खोट्या वेल्डिंगवर सराव देणारं यंत्र, पास होतो, कारण टॉर्चचा (हातातल्या वेल्डिंगच्या अवजाराचा) कोन, वेग आणि अंतर तो क्षणोक्षणी दाखवतो आणि पत्राही वाया जात नाही. खऱ्या आर्कची, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीची, धग मात्र तो देऊ शकत नाही, म्हणून शेवटचा सराव खऱ्या पत्र्यावरच ठेव. असा सिम्युलेटर प्रत्येक कारखान्यानं घेण्याची गरज नाही. विभागात दोन-तीन असले आणि ते ठिकाणं बदलत फिरले तरी भागतं.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही वेळानं ते पुन्हा पाठ करायला किती कष्ट वाचतात ते मोजायचं. एका दिवसात त्याचे सुमारे दोन-तृतीयांश कष्ट वाया गेलेले असत. कारखान्यातलं काम निरर्थक नसतं, त्यामुळे तोच आकडा तिथे लावू नकोस; पण एका दिवसाच्या शिबिरानं माणूस तयार होतो या समजुतीला त्यानं तडा जातो. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे. आता तुझ्या आराखड्यातली प्रश्नावली बघ: व्हिडिओ संपताक्षणी! तिथे फसवा निकाल मिळतो. त्या प्रश्नावलीतलेच तीन प्रश्न दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं साध्या फोनवर पाठव. खर्च जवळजवळ शून्य, आणि माझ्या मते तुझ्या सगळ्या योजनेतला सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे.

खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा 2012 मध्ये केवढा गाजावाजा झाला होता! हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांची 2018 पर्यंतची आकडेवारी पाहणारा अभ्यास 2019 मध्ये आला. नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. शिकणारे बहुतेक सधन देशांतले होते. दार सताड उघडलं की आधीपासून पायात बळ असलेलाच आत येतो. लेथवरच्या त्या माणसाला हात धरून आणावं लागतं, आणि तो हात बहुधा त्याच्या सुपरवायझरचा असतो.

म्हणून पहिली गुंतवणूक सुपरवायझरमध्ये कर. 1940 ते 1945 या काळात अमेरिकेत युद्धसामग्रीच्या कारखान्यांत नवखे लोक लाखोंनी आले. तेव्हा सरकारी कार्यक्रमातून फोरमन लोकांना शिकवायचं कसं हे शिकवलं गेलं. दहा तासांचा वर्ग, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. माणसाला तयार कर, काम करून दाखव, त्याच्याकडून करून घे, मग लक्ष ठेव. या कार्यक्रमातले असे वर्ग सोळा लाखांहून अधिक लोकांनी पूर्ण केले, तेही संगणकाशिवाय. तुझ्याकडे तर हे सगळं आहे आणि वर फोन आहे. उत्तम कारागिराचे हात त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच बोलीत, दोन मिनिटांत टिपून घे. स्टुडिओतल्या निवेदकापेक्षा त्याचं बोलणं शेजारच्या ऑपरेटरला लवकर पटतं.

छोटा मालक तुला म्हणेल, "शिकवला की दुसरा पळवतो." त्याला स्वार्थी समजू नकोस. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्ये हेच मांडलं: जे कौशल्य कुठेही चालतं, त्याचा खर्च एकटा मालक उचलत नाही. विभागानं एकत्र यायचं ते यासाठीच. ब्रिटननं एप्रिल 2017 पासून वर्षाला तीस लाख पौंडांहून अधिक पगारखर्च असलेल्या मालकांवर अर्ध्या टक्क्याची आकारणी सुरू केली, ती प्रशिक्षणासाठी. पैशाचा प्रश्न असा सुटू शकतो. पण पाच माणसांच्या वर्कशॉपला पैशाहून तास महाग असतो. तिथला एक माणूस दिवसभर वर्गात बसला तर मशीन बंद राहतं. तेव्हा पाळीच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं माग, आणि ती पगारी माग. घरी जाऊन, थकलेल्या डोळ्यांनी, स्वतःच्या डेटावर शिका असं कामगाराला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. यावर तडजोड करू नकोस.

शिकण्याच्या नोंदी ठेवण्याची तांत्रिक पद्धत स्कॉर्म की एक्सएपीआय, कुठला सर्व्हर, हे तुझे इंजिनिअर ठरवतील. माझी मागणी एवढीच की कौशल्याची नोंद कामगाराच्या नावावर राहावी आणि नोकरी बदलली की त्याच्याबरोबर जावी.

पुढच्या पत्रात आराखडा पाठवू नकोस. तीन कारखान्यांत तिन्ही पाळ्यांत उभी राहा आणि मला एवढंच कळव: कुठल्या कामावरून माल परत येतो, ते काम तिथे सगळ्यात सफाईनं कोण करतं, आणि गेल्या महिन्यात त्यानं ते कुणाला शिकवलं. रात्रपाळीला जाताना सेफ्टी शूज घाल, आणि वही सोबत ठेव. लोकांसमोर फोनवर टिपणं घेतलीस तर ते बोलायचे थांबतात.

तुझा शुभचिंतक